कर्वे रस्त्यावरून मंडईकडे : सायकल आणि तिच्यावरची पडशी

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत असत. ते बिरुद आता मोटारसायकलींच्या गर्दीत विरून गेले आहे. तरीही सकाळी साडेसहा ते आठ या वेळात कर्वे पुतळ्यापासून डेक्कनकडे येणारा रस्ता पाहिला, तर जुन्या शहराचा एक धागा अजून तुटलेला नाही, हे लक्षात येते. हेल्मेट घालून वेगाने जाणारी तरुण मंडळी त्यात असतातच. त्यांच्या मागून, रस्त्याच्या डाव्या कडेने, आपल्याच लयीत काही वेगळे सायकलस्वार येत असतात. सेवानिवृत्तीनंतरही एखाद्या संस्थेचे हिशेब पाहायला जाणारे सत्तरीचे गृहस्थ, वाचनालयात पुस्तके बदलून येणाऱ्या शिक्षिका, रुग्णालयात असलेल्या पत्नीसाठी डबा नेणारे आजोबा, एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या सेवेसाठी वेळेवर पोचायची घाई असलेल्या बाई. या प्रत्येकाजवळ सायकल आहे आणि प्रत्येकाच्या सायकलवर एक पिशवी आहे.

वैद्यकीय व्यवसायाच्या निमित्ताने मी या मंडळींना रस्त्यावर पाहतो आणि दवाखान्यातही पाहतो. सायकलवरून पडलेले ज्येष्ठ आले, की बरोबरचे नातेवाईक तीन गोष्टींना दोष देतात: वयाला, रहदारीला आणि सायकलला. पिशवीला दोष देणारे क्वचितच भेटतात. ‘पडताना पिशवी कुठे होती?’ असे विचारले, की बहुतेक वेळा थोडे थांबून उत्तर येते, ‘हँडलला अडकवली होती.’ किंवा ‘खांद्यावर होती, पुढे घसरली.’ मनगट मोडलेले असते, कधी खुब्याचे हाड. आणि घरात निर्णय झालेला असतो की, आता सायकल बंद.

तो निर्णय कधी कधी योग्य असतो. पण पुष्कळदा सायकल बंद करण्याऐवजी पिशवी बदलली असती, तरी पुरे झाले असते. ज्या माणसाचे बाहेर पडणे, चार लोकांना भेटणे आणि पायांची ताकद टिकणे सायकलवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. म्हणून कर्वे पुतळ्यापासून मंडईपर्यंतचा हा पाचेक किलोमीटरचा रस्ता आज आपण पिशवीच्या दृष्टीने पाहू.

गवळी आणि वारकरी

पुण्याच्या जुन्या सायकलस्वारांना काय काय सांभाळावे लागे, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सायकलचा कर भरून घेतलेला बिल्ला, अंधार पडल्यावर दिवा, डबल सीट दिसले की पोलिसाची शिट्टी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथे आणि पुढे पिंपरी-चिंचवडकडे उभ्या राहिलेल्या कारखान्यांत पाळीच्या वेळेला जाणाऱ्या कामगारांचा डबा खाकी कॅनव्हासच्या पिशवीतून कॅरिअरच्या चापाखाली दाबलेला असे. कॉलेजातल्या आणि चळवळीतल्या मंडळींच्या खांद्याला शबनम असे. गृहिणीच्या सायकलला रंगीत वायरची पिशवी लटके. पुस्तके, डबा आणि छत्री एकत्र बांधायला सायकलच्या फाटक्या ट्यूबची कापलेली पट्टी पुरत असे.

यांपैकी बहुतेक सोयी तरुण शरीरासाठी होत्या. हातात जोर होता, तोल गेला तरी पाय चटकन जमिनीला टेकत असे आणि पडले तरी हाड मोडत नसे. पण वजन कुठे ठेवावे, हे ज्यांना खरोखर उमगले होते, त्यांच्याकडे आज नव्याने पाहायला हवे. दुधाची सायकल आठवा. गवळी कॅन हँडलला लटकवीत नसे, पाठीवरही घेत नसे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली, आकड्यांना अडकवलेले आणि सारख्या वजनाचे कॅन घेऊन तो अरुंद बोळांतून सफाईने जात असे. वजन खाली असले की तोल राखणे सोपे जाते, दोन्ही बाजूंना सारखे असले की सायकल एकीकडे ओढत नाही, आणि मागे असले की हँडल हलके राहते.

आषाढीच्या वाटेवर पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात; ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या वेळी काही जुन्या वारकऱ्यांच्या खांद्यावर दुतोंडी पडशी दिसते. निम्मे सामान पुढे, निम्मे मागे. घोड्याच्या पाठीवर टाकायची तीही पडशीच. आज सायकलच्या दुकानात कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणारी जी जोडपिशवी मिळते आणि जिला दुकानदार पॅनियर म्हणतात, ती या पडशीचीच बहीण आहे. नाव परके असले, तरी युक्ती आपल्या ओळखीची आहे. या लेखात मी तिला पडशीच म्हणणार आहे.

घरातून निघताना

पडशी घेताना तिच्या दिखाऊपणाकडे न पाहता पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे ती कॅरिअरला घट्ट बसते का. वरून टाकून सोडून दिलेली पडशी खड्ड्यात उडते. तिला खालच्या बाजूने सायकलच्या सांगाड्याला बांधायचा पट्टा किंवा आकडा हवा. दुसरी, पायडल मारताना टाच तिला लागता कामा नये. दुकानात सायकल उभी करून, आपली नेहमीची चप्पल किंवा बूट घालून, पायडल उलटे फिरवून पाहावे. टाच लागत असेल, तर पडशी थोडी मागे सरकवावी. तिसरी, तिची खालची बाजू टणक असावी, म्हणजे ती चाकाकडे झुकत नाही. चौथी, तिचे तोंड एका हाताने उघडता-मिटता यावे. संधिवाताने बोटे आखडलेल्या व्यक्तीला बारीक बकले आणि घट्ट चेन यांचा त्रास होतो. रुंद झाकण आणि चिकटणारी पट्टी त्यांना सोयीची. पाचवी गोष्ट तिचा रंग. फिकट किंवा भडक रंगाची, मागच्या बाजूला प्रकाश परतवणारी पट्टी असलेली पडशी संध्याकाळी मागच्या वाहनाला लांबून दिसते. मात्र तिच्यामुळे सायकलचा मागचा लाल दिवा झाकला जाऊ नये.

नवी पडशी परवडत नसेल, तर जाड कॅनव्हासच्या दोन सारख्या पिशव्या रुंद पट्ट्याने जोडून शिंप्याकडून शिवून घेता येतात. पट्टा कॅरिअरवर पक्का बांधावा आणि चाकाच्या बाजूला पातळ प्लायवुड घालावे. काही सायकलींना मागच्या चाकावर साडी अडकू नये म्हणून जाळी असते. ती काढून टाकू नये. पिशवीची सुटी टोके, बंद आणि दोऱ्या चाकात जाण्यापासून तीच वाचवते.

सामान बांधायला दोन्ही टोकांना लोखंडी हुक असलेली लवचिक दोरी सर्रास वापरतात. तिच्याबद्दल एक सावधगिरी. ताणलेली दोरी निसटली, तर हुक वेगाने उलटतो आणि डोळ्याला लागू शकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला असा मार फार महागात पडतो. ती वापरायचीच असेल, तर तोंड बाजूला ठेवून, एका हाताने हुक धरूनच लावावी व सोडावी. जुन्या ट्यूबची पट्टी किंवा बकलाचा साधा पट्टा यापेक्षा बरा.

कर्वे रस्ता : पाठीवरची पिशवी

कर्वे पुतळ्यापासून डेक्कनकडे येताना रस्ता एकंदरीत उताराचा आहे. कोथरूड टेकडीच्या अंगाला आणि डेक्कन नदीच्या काठाला, त्यामुळे येताना पायांना फारसे श्रम पडत नाहीत. नळ स्टॉपजवळ आता उड्डाणपूल आणि त्याच्याही वरून मेट्रो जाते. खालच्या रस्त्यावर मात्र सिग्नल, वळणे, मध्येच थांबणाऱ्या रिक्षा आणि बस असतातच. येथे सायकलस्वाराला वारंवार मान वळवून मागे पाहावे लागते.

पाठीवरची सॅक येथेच अडचणीची ठरते. तरुणांना ती चालते. वयाबरोबर पाठीचा वरचा भाग थोडा पुढे वाकतो, मणक्यांची हाडे विरळ होतात, मानेच्या हालचालीला मर्यादा येतात. सायकलवर पुढे झुकल्यावर समोर पाहण्यासाठी मान आधीच मागे ताणलेली असते. त्यात खांद्यांवर चार किलोची सॅक असली, की मान आणि खांदे यांच्यावर दुहेरी भार पडतो. मागे पाहण्यासाठी मान वळवणे कठीण होते आणि माणूस न पाहताच वळतो. शिवाय वजन उंचावर गेल्याने कमी वेगात सायकल अधिक डुलते. ज्येष्ठांचा वेग तर कमीच असतो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. पुण्याचा एप्रिल-मे आता सकाळी नऊनंतरच तापू लागतो. पाठीला चिकटलेल्या सॅकखाली घाम वाळत नाही, शरीर थंड होण्याचा एक मार्ग अडतो. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना शरीरातील पाणी कमी झाल्यास उभे राहताच चक्कर येऊ शकते. पाठ मोकळी ठेवणे हा त्यावरचा एक सोपा उपाय. पाण्याची बाटली मात्र हाताशी हवी. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपले प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शबनमवर अनेकांचा जीव असतो, माझाही आहे. पण एका खांद्यावर टाकलेली शबनम ब्रेक दाबताच पुढे येते आणि गुडघ्यावर आपटते. ती घ्यायचीच असेल, तर घडी करून पडशीत ठेवावी आणि मुक्कामी पोचल्यावर खांद्यावर घ्यावी.

लकडी पूल आणि पेठा : हँडलवरची पिशवी

डेक्कन ओलांडले की लकडी पूल. नाव लकडी असले, तरी आज पूल लाकडाचा नाही. त्याचे आजचे अधिकृत नाव संभाजी पूल. नदी ओलांडून अलका टॉकीजच्या चौकात आलो, की सायकलचे गणित बदलते. कर्वे रस्त्याची रुंदी संपते आणि पेठांचे अरुंद रस्ते सुरू होतात. थांबणे, पाय टेकणे, पुन्हा निघणे, हातगाडी चुकवणे, उघडणाऱ्या मोटारीच्या दारापासून लांब राहणे. येथे वेग जवळजवळ चालण्याइतका होतो, आणि वेग कमी झाला की सायकलचा तोल हँडलच्या बारीक हालचालींवर राखावा लागतो.

नेमके याच ठिकाणी हँडलला अडकवलेली पिशवी घात करते. एका बाजूच्या मुठीला दोन-तीन किलोची पिशवी असली, की हँडल त्या बाजूला ओढले जाते आणि प्रत्येक हिसक्याला पिशवी लंबकासारखी झुलते. वळताना ती झुलून पुढच्या चाकात गेली आणि बंद किंवा कापड स्पोकमध्ये अडकले, की पुढचे चाक जागीच थांबते. मागचे चाक आणि स्वार मात्र थांबत नाहीत. माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. मनगट, गळपट्टीचे हाड, चेहरा आणि डोके यांना होणाऱ्या इजा अशा पडण्यात होतात. यासाठी वेग लागत नाही, समोरून वाहन यावे लागत नाही. एक कोथिंबिरीची आणि बटाट्याची पिशवी पुरते.

हँडलला अडकवलेल्या छत्रीचेही तसेच. तिचे टोक पुढच्या चाकात जायला क्षणही लागत नाही. छत्री मागे, सायकलच्या लांबीच्या दिशेने, दोन ठिकाणी बांधलेली असावी. पावसाळ्यात एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने सायकल चालवणारे अजूनही दिसतात. त्यांना माझी विनंती आहे की, रेनकोट घ्यावा किंवा त्या दिवशी बस धरावी.

पुढे जाळीची टोपली असली तर? ती हँडलला आणि पुढच्या चाकाच्या आधाराला पक्की बसवलेली असेल, तर चष्म्याचे घर, वर्तमानपत्र, एखादी फुलांची पुडी अशा हलक्या वस्तूंना ती उत्तम. पण टोपलीत नारळ, कलिंगड किंवा चार ताळी डबा ठेवला की हँडल जड होते. माझा साधा नियम आहे: पुढे किलोभरापेक्षा अधिक नको.

मंडई : चढताना आणि उतरताना

मंडईची इमारत १८८६ सालची. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ती रे मार्केट म्हणून ओळखली गेली आणि पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. मधल्या मनोऱ्याखाली आणि भोवतालच्या गाळ्यांतून फिरताना हात आपोआप सैल होतो. अर्धा किलो म्हणून गेलेला माणूस दोन किलो घेऊन येतो. येताना रिकामी असलेली पडशी आता भरणार, हे निघतानाच लक्षात ठेवायला हवे.

घरून निघताना पडशीत काय होते? साखळी-कुलूप, पाण्याची लिटरची बाटली म्हणजे एक किलो, डबा, एखादे पुस्तक, रेनकोट. हे सारे न मोजताच तीन किलोंवर जाते. सत्तरीच्या आसपासच्या, प्रकृती ठीक असलेल्या व्यक्तीला मी दोन्ही बाजू मिळून पाच-सहा किलोंच्या आत राहायला सांगतो. घरातल्या काट्यावर एकदा भरलेली पिशवी ठेवून पाहावी; बहुतेकांना आश्चर्य वाटते. त्याहून अधिक भाजी लागणार असेल, तर दोन फेऱ्या कराव्यात किंवा जड जिन्नस घरपोच मागवावेत. कांदे-बटाटे सायकलवरून आणण्यात शौर्य नाही.

भरताना जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या बाजूला ठेवावी; पालेभाज्या, फळे वर. दोन्ही बाजूंचे वजन हाताने उचलून सारखे करावे. एका बाजूला बटाटे आले, तर दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली आणि कुलूप. पावसाळ्यात कागदपत्रे, औषधे आणि पुस्तके आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मग पडशीत घालावीत, कारण जलरोधक म्हणून विकलेल्या पिशवीच्याही शिवणीतून पाणी शिरते.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. ज्येष्ठ माणूस केवळ सायकल चालू असतानाच पडतो असे नाही, चढता-उतरतानाही पडतो. दांडीच्या सायकलवर पाय मागून टाकण्याची सवय आपल्या पिढीला असते. कॅरिअरवर उंच गाठोडे बांधलेले असेल, तर पाय त्या उंचीवरून न्यावा लागतो. खुब्याचा सांधा तितका उघडत नाही, पाय गाठोड्याला अडतो आणि माणूस सायकलसकट आडवा होतो. खुब्याचे हाड मोडण्याची ही अगदी ठरलेली रीत आहे. पडशी बाजूंना लटकत असल्याने कॅरिअरचा माथा मोकळा राहतो, हा तिचा ज्येष्ठांसाठी सर्वांत मोठा फायदा. पाय उचलणे त्याहीपेक्षा कठीण झाले असेल, तर मधली दांडी खाली असलेली लेडीज सायकल घ्यावी. पुरुषांना त्यात संकोच वाटतो. पण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर धरून चालताना तो संकोच आठवला, तर फार उशीर झालेला असतो.

सायकल उभी करण्याचेही असेच. एका बाजूच्या स्टँडवर टेकलेली सायकल भरलेल्या पडशीने कलंडते, आणि कलंडणारी सायकल सावरायला धावणे हेही पडण्याचे एक कारण असते. दोन पायांचा स्टँड बसवून घ्यावा. सायकल कलंडलीच तर तिला पडू द्यावे. टोमॅटो पुन्हा आणता येतात.

परतीचा चढ : पिशवीत काय, खिशात काय

येताना उतार होता, म्हणजे जाताना चढ आहे. त्यात पडशी भरलेली, ऊन चढलेले आणि बहुधा नाश्ता होऊन बराच वेळ झालेला. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीची खरी कसोटी या परतीच्या वाटेवर लागते. येथे पिशवीत काय आहे याहून ते कुठे आहे, याला महत्त्व आहे. निकडीच्या वेळी मागे वळून पडशीचे झाकण उघडायला वेळ नसतो आणि शुद्धही नसते.

म्हणून काही वस्तू पडशीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवाव्यात. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात, तिच्या मूळ वेष्टनात ठेवावी. सायकल थांबवून, खाली बसून मगच ती घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो. दम्याचा पंपही खिशातच. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी खिशात पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे, किंवा तितक्या ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. साखर उतरल्याची लक्षणे म्हणजे घाम, हातांची थरथर, धडधड, भूक आणि डोके न चालणे. सायकल चालवताना यांतला घाम आणि धडधड माणूस उन्हाच्या आणि चढाच्या खात्यावर टाकतो, आणि फसगत होते ती येथेच. शंका आली, की लगेच थांबावे, साखर खावी, पंधरा मिनिटे बसावे, शक्य असल्यास साखर तपासावी आणि पूर्ण बरे वाटल्यावाचून पुढे निघू नये. जेवण चुकवून सायकल काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

इन्सुलिनचे पेन मात्र उन्हात उभ्या केलेल्या सायकलच्या पिशवीत ठेवू नये. उष्णतेने औषध खराब होते. मुक्कामी ते आपल्याबरोबर आत न्यावे.

खिशातली आणखी एक वस्तू म्हणजे कागदी ओळखपत्र. नाव, वय, रक्तगट, आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे, आणि घरच्या दोघांचे फोन क्रमांक. मोबाइल कुलूपबंद असतो, पडल्यावर फुटतो. कागद कुणालाही वाचता येतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते त्यावर ठळक लिहावे. अशा व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले आणि बरे वाटत असले, तरी त्याच दिवशी, त्याच वेळी रुग्णालयात न्यायला हवे. रुग्णवाहिकेसाठी आपल्या राज्यात १०८ हा क्रमांक आहे. आणि हेल्मेट डोक्यावर असावे. पडशीला बांधलेले हेल्मेट कुणालाही वाचवत नाही.

पडशीत उरते ते थोडेच: पाणी, रेनकोट, लहान टॉवेल, एक स्वच्छ रुमाल, जखमेवर लावायच्या चार पट्ट्या, कुलूप आणि भाजी. चढावर दम लागला तर उतरून सायकल हाताने न्यावी. भरलेली सायकल ढकलताना ती आपल्या उजव्या अंगाला ठेवून आपण रस्त्याच्या कडेच्या बाजूने चालावे, म्हणजे वाहने आणि आपण यांच्यामध्ये सायकल राहते. भार असताना ब्रेक लागायला अधिक अंतर लागते आणि कमी हवेचे चाक अधिक थकवते. म्हणून आठवड्यातून एकदा हवा आणि ब्रेक पाहून घ्यावेत.

घरच्यांसाठी

आई-वडिलांच्या सायकलची काळजी वाटणाऱ्या मुलांना आणि सुनांना थोडे सांगायचे आहे. ‘बाबा, आता सायकल पुरे,’ हे वाक्य प्रेमातूनच येते. परंतु ते उच्चारण्याआधी एक रविवार सायकलसाठी द्यावा. बाबांबरोबर पडशी निवडायला जावे, कॅरिअर आणि स्टँड पक्का करून घ्यावा, खिशातले ओळखपत्र आपल्या हाताने लिहून द्यावे. त्यांचा मान राहतो आणि धोका कमी होतो.

सायकल खरोखर थांबवायची वेळ येते, तीही ओळखता यायला हवी. वारंवार चक्कर किंवा शुद्ध हरपणे, फिट येणे, दृष्टी बरीच कमी होणे, मान वळवून मागे पाहता न येणे, आधाराशिवाय चढता-उतरता न येणे, साखर उतरत असल्याचे भान न राहणे, किंवा काही महिन्यांत एकाहून अधिक वेळा पडणे, यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांशी बोलून सायकल थांबवावी. त्या वेळी चालणे, बस किंवा मेट्रो यांची सोय आधी लावून मगच सायकलची किल्ली मागावी. बाहेर पडणे बंद झालेले ज्येष्ठ लवकर खचतात.

पडशी घरच्यांना आणखी एक गोष्ट सांगते. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने पिशवी भरणारा माणूस अचानक कुलूप विसरू लागला, एकच भाजी दोनदा आणू लागला, औषधांची पाकिटे न उघडता पिशवीत साठवू लागला, नेहमीच्या रस्त्यावर चुकू लागला, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये. स्मरणशक्तीच्या आजाराची, थायरॉइडची, जीवनसत्त्व बी-१२ च्या कमतरतेची किंवा औषधांच्या दुष्परिणामाची ती सुरुवात असू शकते, आणि यांतली काही कारणे वेळीच उपचार केल्यास बरी होतात. झडती घेतल्याचा आव न आणता, आठवड्यातून एकदा पडशी धुवायला म्हणून रिकामी करावी. पुष्कळ काही कळते.

शेवटी, आपल्या घरी रुग्णसेवेला सायकलवरून येणाऱ्या बाईंचाही विचार करावा. त्यांचा डबा, बदलायचे कपडे आणि कधी आपणच दिलेली भाजीची पिशवी हँडलला लटकत असते. त्या पडल्या, तर त्यांची रोजी बुडते आणि आपल्या आजींचेही त्या दिवशी कुणी उरत नाही. दिवाळीला साडी देण्याऐवजी, किंवा साडीबरोबर, एक पक्के कॅरिअर आणि एक चांगली पडशी देऊन पाहावी.